हेडस्टॉक तुटलेली गिटार: ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यातल्या दुरुस्तीच्या नोंदी

१७ मे. तपासणी

वाद्य: ४१ इंची ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पेटीची गिटार), स्टीलच्या तारा, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी. नेक (गिटारची मान) महोगनीच्या जातीच्या लालसर, मध्यम वजनाच्या लाकडाची, एकाच तुकड्यातून कापलेली. हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारा गुंडाळतात तो भाग) १५ अंश मागे झुकलेला, जाडी १५ मिमी. नटजवळ (नेक आणि हेडस्टॉक मिळतात तिथली, तारा टेकतात ती पट्टी) रुंदी ४३ मिमी. ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) हेडस्टॉकच्या बाजूने फिरवायचा, म्हणजे नटच्या लगेच पुढे त्यासाठी कोरलेला खड्डा आहे: रुंदी १० मिमी, खोली साधारण १० मिमी.

गिटार पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळाची. मोसमभर वाद्यं गाडीत चढतात-उतरतात, आणि कापडी कव्हरात उभी ठेवलेली गिटार पाठीवर पडली की असंच होतं. मागे झुकलेलं टोक आधी जमिनीला लागतं आणि धक्का हेडस्टॉकला पुढे ढकलतो. तारांची ओढही त्याच दिशेची. १२-५३ चा संच (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३ इंच) सुरात असेल तर ही ओढ एकूण ७३-७४ किलोच्या आसपास जाते. म्हणून ताणलेल्या तारांची गिटार पडते तेव्हा तुटते, तारा सैल असलेली बहुतेक वेळा वाचते.

तुटायची जागा ठरलेलीच असते. नेकच्या लाकडाचे तंतू नेकला समांतर जातात. हेडस्टॉक मागे वळला तरी तंतू वळत नाहीत, ते सरळ जाऊन हेडस्टॉकच्या समोरच्या पृष्ठावर निघतात. १५ मिमी जाडी आणि १५ अंश कोन धरला तर आरपार जाणारा तंतू जेमतेम ५८ मिमी लांब. त्यातच ट्रस रॉडच्या खड्ड्याने मधलं दोन तृतीयांश लाकूड खाल्लेलं. इथली भेग अगदी त्याच वाटेने गेली आहे: मागच्या बाजूला नटच्या खालून सुरू, तिरकी पुढे, आणि समोर पहिल्या ट्यूनर-जोडीच्या (ट्यूनर म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या) थोडं पुढे निघालेली. समोरचा काळा व्हिनिअर (लाकडाचा पातळ थर) चिरला आहे पण सुटलेला नाही. त्याने दोन्ही भाग बिजागरीसारखे धरून ठेवलेत. हे फार उपयोगाचं, कारण भाग आपोआप जागेवर बसतात. तो व्हिनिअर ओढून वेगळा करायचा नाही.

दोन गोष्टी वाईट. मागच्या कडेला कोणीतरी फेविक्विक सोडलंय, साधारण ८ मिमी रुंद पट्ट्यात. आणि तिथलीच लाकडाची एक चिलपी, १२ मिमी लांब, हरवलेली आहे.

तारा काढल्या. ट्यूनर काढून क्रमाने डबीत ठेवले. तुटलेल्या पृष्ठांना बोट लावलं नाही. घाम आणि तेल लाकडात गेलं की ग्लू तिथे धरत नाही. पुन्हापुन्हा भाग जुळवून बघणंही बंद: प्रत्येक वेळी तंतूंची टोकं मोडतात आणि जोड थोडा थोडा उघडा राहायला लागतो.

१८ मे. सफाई

फेविक्विक काढण्यासाठी ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. आजूबाजूच्या पॉलिशवर मास्किंग टेप लावला, बारीक ब्रशने फक्त चकचकीत पट्ट्यावर ॲसिटोन लावलं, वरून फॉइलचा तुकडा ठेवला. या उन्हात ॲसिटोन लावताक्षणी उडून जातं, झाकल्याशिवाय काही मऊ होत नाही. मऊ झालेला थर बांबूच्या चपट्या काडीने तंतूंच्या दिशेने खरवडला. पटाशी किंवा पॉलिश पेपर इथे लावायचा नाही. तुटलेलं लाकूड खडबडीत दिसतं, पण तेच एकमेकांत अचूक बसणारं पृष्ठ आहे. घासून गुळगुळीत केलं की दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर गेला आणि जोड कायमचा पोकळ झाला.

पट्टा बराच निघाला, पण रंध्रांत शिरलेलं ग्लू पूर्ण निघत नाही. त्या जागेवर जोड कमजोर राहणार हे धरून पुढचा बेत करायचा. म्हणजे नुसत्या चिकटवण्यावर भागणार नाही, मागून आधार द्यावा लागेल.

ट्रस रॉडचं नट ॲलन कीने सैल करून बाहेर काढलं. आट्यांवर मेणबत्तीचं मेण घासलं आणि खड्ड्यात पॉलिथिनची घट्ट गुंडाळी बसवली. इथे ग्लू उतरलं तर रॉड कायमचा अडकतो.

१९ मे. कोणतं ग्लू

फेविकॉलसारखा पांढरा पीव्हीए गावोगाव मिळतो आणि फर्निचरला उत्तम आहे. पण फर्निचरच्या सांध्यावर रात्रंदिवस एकाच दिशेने ६०-७० किलोची ओढ नसते. पांढरा पीव्हीए वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो. सततच्या ओढीखाली, त्यात गरमी असेल तर, तो केसाकेसाने सरकतो. जोड सुटत नाही, पण महिन्याभरात भेगेची रेघ दिसायला लागते आणि गिटार सुरात राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या खोलीत जे तापमान असतं, त्यात हे लवकर होतं.

एपॉक्सी पोकळी भरतं, सरकत नाही. पण ते तंतूंत इतकं भरून बसतं की जोड पुन्हा कधी उघडला तर दुसऱ्या ग्लूला लाकूडच मिळत नाही. लाकूड हरवलेलं असेल, भाग नीट जुळत नसतील, तर एपॉक्सी. इथे जुळतात.

सरस हा जुना आणि उत्तम पर्याय. वाळला की अजिबात सरकत नाही. थंड प्रदेशात त्याची अडचण ही की मिनिटभरात गोठतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आधीच गरम असतं, त्यामुळे वेळ जास्त मिळतो. तो ६० अंशांच्या आसपास पातळ ठेवावा लागतो, उकळला तर ताकद जाते. पण हे वाद्य पावसाळ्यात ओल धरणाऱ्या खोलीत राहणार आहे आणि सरस ओलीला हळवा.

ठरलं: टाइटबाँड ओरिजिनल, पिवळा. पांढऱ्यापेक्षा कडक वाळतो, कमी सरकतो, गरम वाफेने पुन्हा उघडता येतो. त्याचीही मर्यादा आहे: ६५ अंशांवर बराच वेळ राहिला तर ताकद साधारण निम्म्यावर येते. उन्हात उभ्या बंद गाडीत एवढं तापमान सहज होतं. मालकाला हे आजच सांगून ठेवलं.

बाटली नवी हवी. बोटांत थेंब घेऊन ताणला तर ग्लूच्या धाग्यासारख्या तारा सुटायला नकोत. उन्हात पडून राहिलेली बाटली तारा सोडते, ती फेकायची.

२० मे. कोरडी तालीम

ग्लूशिवाय सगळे शिकंजे (क्लॅम्प) एकदा लावून पाहायचे. हे टाळलं की ऐनवेळी हात कमी पडतात.

समोरून सपाट सागवानी फळी, १०० × ६० × १८ मिमी, तिला २ मिमी रबर चिकटवलं. मागून पाचरीसारखा घडवलेला ठोकळा, उतार असा की शिकंज्याची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर राहतील. उतार नसेल तर शिकंजा आवळताना ठोकळा घसरतो. दोन्ही लाकडांना पारदर्शक टेप, म्हणजे बाहेर आलेल्या ग्लूने ते गिटारला चिकटणार नाहीत.

खरा धोका दुसरा. भेग तिरकी आहे, आणि ग्लू लावल्यावर ती निसरडी होते. दाब पडला की हेडस्टॉक उतारावरून पुढे सरकतो. अर्धा मिलिमीटर सरकला तरी मागे पायरी पडते. उपाय सायकलच्या ट्यूबचा: २० मिमी रुंद पट्ट्या कापून हेडस्टॉकच्या टोकावरून नेककडे लांबीत ताणून बांधल्या. ट्यूब हेडस्टॉकला नटकडे ओढून धरते, मग वरून शिकंजे. चार इंची सी-क्लॅम्प तीन: दोन भेगेवर, एक टोकाला अगदी हलका.

कोरडा जोड टॉर्चसमोर धरला. प्रकाश फक्त चिलपी हरवली तिथून येतो. बाकी बंद.

नेकच्या बाजूवर, भेगेच्या आडवी, ब्लेडने एक केसासारखी ओरखडी मारली. जोड पुढे कधी सरकला तर ती दोन तुकड्यांत दिसेल.

२१ मे. चिकटवलं

वेळ पहाटे साडेपाच. दुपारी ४५ अंशांत, २० टक्क्यांच्या खालच्या आर्द्रतेत लाकूड इतकं कोरडं असतं की ग्लूतलं पाणी लगेच शोषून घेतं. शिकंजा लागायच्या आत वर साय धरते आणि जोड उपाशी राहतो. पहाटे खोलीत ३० अंश. बाटली रात्रभर पिशवीत गुंडाळून माठाला टेकवून ठेवली होती. कूलर बंद ठेवला. कूलरची ओली हवा थेट लागली तर उघड्या भेगेतले तंतू फुगतात आणि काल बंद होणारा जोड आज बंद होत नाही. पंखाही बंद.

भेग बोटभर उघडून ग्लू सिरिंजने खोलवर सोडलं, मग गिटारच्या जुन्या पातळ तारेने आत पसरवलं. दोन्ही पृष्ठांवर लागलं पाहिजे. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, म्हणून अर्ध्या मिनिटाने दुसरा हात. एकूण ५ मिली पुरलं. भेग दोन-तीनदा हळू उघड-मीट केली, तेव्हा कडेने सगळीकडे ग्लूचे थेंब दिसले. एखाद्या बाजूला थेंब येत नसेल तर तिथे आत कोरडं आहे.

ट्यूब बांधली, फळ्या, मधला शिकंजा, मग दुसरा. आवळणं मध्यम. कडेने मण्यांसारखी रांग आली की थांबायचं. जोर लावून सगळं ग्लू पिळून काढलं तर जोडात काही उरत नाही. ओल्या फडक्याने पुसलं, फडकं पिळून घट्ट केलेलं, नाहीतर पाणी भेगेत जातं. ओरखडी तपासली, एका रेषेत.

सकाळी नऊनंतर लाइन गेली. या कामाला लाइन लागत नाही, ही त्यातली सोय.

२२ मे

चोवीस तासांनी शिकंजे काढले. पॉलिथिनची गुंडाळी ओढून काढली, ट्रस रॉडच्या आट्यांवर नट हाताने फिरतं. भेगेची रेघ नखाला लागत नाही.

हलक्या हाताने वाकवून बघायचा मोह होतो. वाकवायचं नाही. ग्लू पुढचे काही दिवस आतून कडक होत राहतं.

२५ मे. मागून आधार कसा द्यायचा

नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला, कामं पहाटे आणि रात्रीच.

आधाराच्या दोन पद्धती. पहिली: मागून भेगेच्या आडव्या दोन खाचा राऊटरने पाडून त्यांत लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या. दुसरी: हेडस्टॉकच्या मागची थोडी जाडी काढून त्यावर नेकपर्यंत जाणारी लाकडाची पट्टी चिकटवायची.

खाचांची अडचण भूमितीची आहे. नेक आणि हेडस्टॉक मिळतात तिथे मागची बाजू आत वळलेली असते. सरळ तळाची ९० मिमी खाच पाडली तर ती मधोमध उथळ आणि टोकांना खोल होते. १५ अंशांच्या कोनात दोन्ही टोकांना हा फरक ६ मिमीच्या जवळ जातो. मध्ये पुरेशी खोली घ्यावी तर टोकाला १५ मिमीच्या हेडस्टॉकमध्ये ४ मिमी लाकूड उरतं. वक्र तळाची खाच पाडायला झुलता साचा लागतो, आणि मध्ये ट्रस रॉडचा खड्डा चुकवायचा. साचा असेल त्याने ती पद्धत जरूर करावी, मजबूत आहे.

इथे मागची पट्टी जास्त योग्य. तारांची ओढ हेडस्टॉकला पुढे खेचते, म्हणजे भेग मागून उघडू पाहते. ज्या पृष्ठावर ताण सगळ्यात जास्त, तिथेच वळणातून अखंड जाणारे तंतू ठेवले तर ते थेट ओढ घेतात. हरवलेल्या चिलपीची जागाही झाकली जाते. फेविक्विकने खराब झालेला पट्टा त्याच कडेला होता, तोही या पट्टीखाली येतो.

लाकूड शिसवाचं, जुन्या पलंगाच्या पायातून. सागवान आपल्याकडे भरपूर, पण तेलकट आणि वळवताना चिलपतं. १.२ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या रंध्याने काढल्या, १७० × ८५ मिमी, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. रेषा तिरप्या असलेली पट्टी वळणावर मोडते. एकच २.४ मिमीची पट्टी घेण्यापेक्षा दोन पातळ बऱ्या: वळवायला सोप्या, आणि चिकटल्यावर आकार सोडत नाहीत.

वळवणं: दीड इंची लोखंडी पाइप गॅसच्या टॉर्चने आतून तापवला. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की पुरे. पट्टी ओली करून पाइपवर दाबत, सरकवत, हळूहळू वळवली. धूर दिसला तर पाइप जास्त तापला आहे. वळण लागल्यावर हेडस्टॉकच्या मागेच बांधून रात्रभर वाळवली.

२७ मे. मागची पट्टी बसवली

हेडस्टॉकच्या मागून २.४ मिमी काढलं. सरळ भागावर रंधा, वळणावर अर्धगोल कानस, शेवटी ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर. नेकच्या बाजूला ही जाडी पहिल्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) थोडं पुढे शून्यावर उतरवली. काढताना दोन्ही कडांवर पेन्सिलची रेघ आखून ठेवली, नाहीतर एक बाजू जास्त जाते आणि ट्यूनर तिरके बसतात.

शिसवही तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या लगेच आधी दोन्ही पट्ट्या ॲसिटोनने पुसल्या. फडक्यावर जांभळा रंग येतो, तो येईनासा होईपर्यंत. दाबासाठी मागचा ठोकळा आता वळणाच्या आकाराचा लागतो. सागवानाच्या तुकड्यावर आकार उतरवून करवतीने कापला, मध्ये ट्यूबचं रबर. सहा शिकंजे, मधून कडांकडे. पहाटेच.

२९ मे

कडा पटाशीने आणि कानशीने मूळ आकाराला आणल्या. नेकवरचा उतार हाताला लागतो का ते डोळे मिटून तपासलं. डोळ्यांपेक्षा अंगठ्याला पायरी आधी कळते.

ट्यूनरची १० मिमी भोकं समोरून मारली, जुनं भोकच वाट दाखवतं. मागे फळी घट्ट दाबून ठेवली, नाहीतर गिरमिट बाहेर पडताना शिसवाची चिलपी उडवतं. स्क्रूंसाठी २ मिमी भोक, स्क्रूला मेण.

१ जून. पॉलिश

गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर आणि कुसुमावर लाख घेतात, तिचीच चपडी. १०० मिली स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळली. आधी २४०, मग ३२० नंबरचा पेपर. कापसाच्या बोळ्याला मलमल गुंडाळून, एक थेंब गोडेतेल लावून पातळ हात. या हवेत हात पाच-दहा मिनिटांत वाळतो, त्याआधी घाईने त्याच जागी बोळा फिरवला की खालचा हात ओढला जातो. तीन-चार हात, मग दुसऱ्या पहाटेपर्यंत विश्रांती.

हे काम पावसाच्या आधीच उरकायचं. दमट हवेत चपडी पांढुरकी होते.

जोड काळ्या रंगाखाली लपवला नाही. शिसव उघडं ठेवलं. पुढे कोणी ही गिटार हातात घेईल त्याला इथे दुरुस्ती झाली आहे हे दिसलं पाहिजे, त्याप्रमाणे तो ती वापरेल.

६ जून. तारा

संच १०-४७. सुरात एकूण ओढ ६१ किलोच्या आसपास, म्हणजे आधीच्या संचापेक्षा १२-१३ किलो कमी. आवाज थोडा हलका होतो, पण तो मान्य करण्यासारखा आहे.

ट्रस रॉडचं नट हाताने लागेल इतकंच. आधी सगळ्या तारा दोन सूर खाली लावल्या. दुसऱ्या दिवशी एक सूर वर, तिसऱ्या दिवशी पूर्ण सुरात. प्रत्येक वेळी ओरखडी भिंगाखाली पाहिली: अखंड.

पूर्ण सुरात आल्यावर नेकचा झोल (तारांच्या ओढीने आलेला बाक) मोजला. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून, सातव्या फ्रेटवर फट ०.४ मिमी. हवी ०.२ ते ०.२५. ट्रस रॉडचं नट पाव फेरा आवळून थांबलो. लाकडाला बसायला वेळ लागतो, एका दमात जास्त फिरवायचं नाही. दुसऱ्या सकाळी ०.२५.

२२ जून. पावसानंतर

पहिले पाऊस झाले. खोलीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. मे महिन्यात सुकलेलं लाकूड आता पाणी घेतं, फुगतं, आणि जोड कच्चा असेल तर तो याच दिवसांत बोलतो. म्हणून गिटार परत देण्याआधी एवढं थांबलो.

ओरखडी जागेवर. पट्टीच्या कडा नखाला लागत नाहीत. झोल ०.२८, पावसाळ्यात एवढा फरक चालतो, ट्रस रॉडच्या नटला हात लावला नाही. ट्यूनरचे स्क्रू पुन्हा एकदा हाताने तपासले, दोन किंचित सैल होते.

गिटारसोबत मालकाला चार गोष्टी लिहून दिल्या. प्रवासाला निघताना सगळ्या तारा दोन सूर उतरवायच्या. कव्हरात नेकखाली, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या जागी, घडी केलेला टॉवेल ठेवायचा, म्हणजे हेडस्टॉक अधांतरी राहतो आणि पाठीवर पडली तरी धक्का नेक घेते. १२ चा संच पुन्हा लावायचा नाही. आणि उन्हाळ्यात गाडी थांबली की वाद्य आधी सावलीत उतरवायचं, मग बाकीचं सामान.